यंत्राचं नंतर बघू, आधी पडदे कधी उघडता ते सांगा

पत्र:

सर, नमस्कार. मावळात आमची दहा-दहा गुंठ्यांची दोन पॉलीहाऊस आहेत, शेजारी शेजारी. दोन्हींत रंगीत ढोबळी. डिसेंबर-जानेवारीत दर वर्षी तेच रडगाणं. फळ लहान राहतं, फुलगळ होते, तोडा निम्म्यावर येतो. धाकट्या दिरांनी मोबाईलवर स्वित्झर्लंडचा व्हिडिओ दाखवला. तिथे हवेतला कार्बन डायऑक्साइड यंत्राने ओढून काचघरातल्या भाजीला देतात. नंतर आठ दिवसांत एक विक्रेता बांधावर हजर! त्याचं यंत्र दिवसाला ८ किलो कार्बन डायऑक्साइड हवेतून काढतं म्हणे. किंमत साडेसहा लाख. उत्पादन ३० टक्के वाढणार, वर कार्बन क्रेडिटचे, म्हणजे हवेतला कार्बन कमी केल्याबद्दल मिळणारे, पैसे. आमचे हे म्हणतात, सोसायटीचं कर्ज काढू. सासूबाई म्हणतात, त्यापेक्षा सकाळी आत कोळशाची शेगडी ठेवा, तिच्यातूनही तोच गॅस निघतो. मला दोन्ही पटत नाही, पण पिकाचं दुखणं खरं आहे. काय करू?
– एक वाचक, ता. मावळ

उत्तर:

ताई, आधी शेगडीचं बोलतो, कारण यंत्राला कर्ज लागेल, शेगडी उद्या सकाळीसुद्धा पेटेल. ती पेटवू नका. सासूबाईंचं रसायनशास्त्र अर्धं बरोबर आहे. कोळसा जळला की कार्बन डायऑक्साइड निघतो. पण बंद जागेत, कमी हवेत जळला की त्याच्याबरोबर कार्बन मोनॉक्साइडही निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. सकाळी सात वाजता पडदे बंद असलेल्या हाऊसात तोड्याला बाया शिरल्या, की आधी डोकं दुखेल, मग घेरी येईल, आणि कुणी खाली बसली तर कदाचित उठणारच नाही. शिवाय अर्धवट जळणाऱ्या कोळशातून थोडा इथिलीनही सुटतो. केळी पिकवायच्या खोलीत सोडतात तोच हा वायू. ढोबळीच्या फुलाला तो लागला की फूल देठातून सुटतं. म्हणजे फुलगळीवर उपाय म्हणून जे आणाल, त्यानेच फुलगळ वाढेल. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि शेगडी अंगणातच राहू द्या.

आता दिरांचा व्हिडिओ. तो खरा आहे. झुरिकजवळ हिनविल नावाचं गाव आहे. तिथे कचरा जाळण्याच्या प्रकल्पाच्या छपरावर मे २०१७ मध्ये क्लाइमवर्क्स कंपनीने १८ मोठाले पंखे बसवले. पंखा हवा ओढतो, आत एक गाळणी असते, तिच्यावरच्या रसायनाला कार्बन डायऑक्साइड चिकटतो. गाळणी भरली की झाकण बंद करून ती १०० अंशांच्या आसपास तापवायची. मग चिकटलेला वायू सुटतो, तोही जवळपास निखळ. तो नळीने ४०० मीटरवरच्या काचघरात जायचा, टोमॅटो-काकडीला. वर्षाला ९०० टन एवढी त्या १८ पंख्यांची क्षमता. पीक २० टक्क्यांपर्यंत वाढेल असं तेव्हा सांगितलं गेलं होतं, आणि ते अशक्यही नाही. काचघरात हवेतलं प्रमाण दुप्पट केलं तर टोमॅटो, काकडी, ढोबळी, गुलाब ही पिकं जास्त जोमाने वाढतात, हे डच शेतकरी अनेक वर्षं अनुभवतायत. (मका आणि ऊस मात्र यात फारसे येत नाहीत. त्यांच्या पानांची रचनाच अशी की ती आतल्या आत हा वायू एकवटून वापरतात. तेव्हा उसाला ‘कार्बन टॉनिक’ विकायला कुणी आलं तर चहा पाजून वाटेला लावा.)

पण व्हिडिओत एक गोष्ट दाखवत नाहीत. ते पंखे कचऱ्याच्या भट्टीवर का बसवले? कारण गाळणी तापवायला लागणारी उष्णता तिथे वाया चाललेली होती. एक टन वायू पकडायला साधारण दोन हजार युनिट भरतील एवढी उष्णता, आणि वर पाचशे-सहाशे युनिट वीज लागते. इतकी सवलत असूनही तो वायू टनाला सहाशे डॉलरच्या घरात पडत होता. म्हणजे आजच्या भावाने किलोला पन्नास रुपयांवर. मुळात तो तीन वर्षांचा प्रात्यक्षिक प्रकल्प होता, सरकारी मदतीवर उभा केलेला. त्यांना हे जमतं का ते बघायचं होतं. तुम्हाला सोसायटीचा हप्ता भरायचाय.

ज्यांचा सगळा धंदाच यावर चालतो ते डच लोक काय करतात बघा. रॉटरडॅमजवळ वेस्टलँड भागात मैलोगणती काचघरं आहेत. तिथले शेतकरी थंडीत उबेसाठी नैसर्गिक वायू जाळतात आणि त्याचा धूर शुद्ध करून पिकाला देतात. उन्हाळ्यात ऊब नको असते तरीही बॉयलर पेटवतात, केवळ कार्बन डायऑक्साइडसाठी, आणि गरम पाणी टाकीत साठवून रात्री वापरतात. २००५ पासून तिथे पेर्निसच्या शेल रिफायनरीतला वायू नळीने काचघरांना जातो. नळीही नवी नाही, वर्षानुवर्षं पडून असलेली तेलाची जुनी नळी. जिथे हा वायू आयता, घट्ट निघतोय तिथूनच त्यांनी तो घेतला. विरळ हवेतून गाळत बसले नाहीत.

विरळ म्हणजे किती ते तुमच्याच हाऊसवर मांडून दाखवतो. वही घ्या.

आज बाहेरच्या हवेत दर दहा लाख भागांत सव्वाचारशेच्या आसपास भाग कार्बन डायऑक्साइड आहे. याला पीपीएम म्हणतात. एक घनमीटर हवेत वजनाने पाऊण ग्रॅम. तुमचं एक हाऊस दहा गुंठ्यांचं, म्हणजे हजार चौरस मीटर. सरासरी उंची पाच मीटर धरली तर आत पाच हजार घनमीटर हवा. म्हणजे अख्ख्या हाऊसमध्ये मिळून हा वायू पावणेचार किलोच्या आसपास. एका गॅस शेगडीच्या वजनाइतकाही नाही.

भरात आलेलं ढोबळीचं पीक चांगल्या उन्हात दर चौरस मीटरला तासाला दोन-तीन ग्रॅम खातं. हजार मीटरचे झाले अडीच किलो, तासाला. पडदे आणि टॉप व्हेंट, म्हणजे छतातली खिडकी, घट्ट बंद असतील तर तास-दीड तासात पिकाने आतल्या हवेतला निम्म्याहून जास्त वायू संपवला असं समजा. फटीफटींतून थोडा आत येत राहतो, म्हणून पूर्ण संपत नाही. पण पान उपाशी बसतं. ऊन आहे, पाणी आहे, ड्रिपमधून खत चाललंय, आणि ताटात भाकरीच नाही.

आता पडदे उघडा. अगदी मंद वाऱ्यात हाऊसमधली हवा तासाला वीस वेळा बदलते असं धरू, चांगला वारा असेल तर कितीतरी जास्त. वीस गुणिले पावणेचार म्हणजे तासाला पंचाहत्तर किलो कार्बन डायऑक्साइड तुमच्या एका हाऊसमधून फुकट वाहत जातो. पिकाला लागतात अडीच. आणि विक्रेत्याचं यंत्र देणार दिवसाला आठ, साडेसहा लाखांत! पडदे उघडे असताना त्या यंत्राचा वायू पानाशी पोचेपर्यंत अर्ध्या वाटेत वाऱ्यावर स्वार होऊन शेजाऱ्याच्या ज्वारीत गेलेला असतो.

मी यंत्राला नावंच ठेवतोय असं वाटू नये म्हणून त्याच्या बाजूचाही हिशेब करतो. बंद सकाळी आठ किलो मिळाले तर एका हाऊसची तीन तासांची भूक भागेल. हे खरं आहे. पण मावळात पडदे बंद ठेवायच्या सकाळी वर्षाकाठी किती? नोव्हेंबरअखेर ते जानेवारीअखेर, साठ धरा. आठ गुणिले साठ, चारशे ऐंशी किलो. वेल्डिंगवाल्याकडे किंवा सोड्याच्या गाडीवर उभा असतो तो मोठा सिलिंडर तीस किलो वायूचा. चारशे ऐंशी भागिले तीस, सोळा. तुम्ही साडेसहा लाख देऊन वर्षाला सोळा सिलिंडर विकत घेताय, ताई. शिवाय वीज वेगळी. मोठ्या प्रकल्पाच्याच मापाने गेलं तरी आठ किलोला रोज वीस युनिट. तुमच्याकडे कचऱ्याची भट्टी नाही, सगळी उष्णता लाईटवरच काढायची. आणि लाईट कधी येते ते मी तुम्हाला सांगायला नको. गॅस एजन्सीत जाऊन सिलिंडरचा भाव विचारा आणि तो आकडा विक्रेत्यासमोर ठेवा. त्याचा चेहरा कसा होतो ते मला कळवा.

बरं, मग फळ लहान का राहतं?

माझा पहिला संशय पडद्यांवर आहे. तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत, पण मावळात थंडीत बहुतेक जण साईडचे पडदे संध्याकाळी पाचला पाडतात आणि सकाळी दहाला उघडतात. ‘आत ऊब राहू दे’ म्हणून. रात्री पानं आणि बेडमधली माती श्वास सोडतात, त्यामुळे पहाटे आतलं प्रमाण बाहेरच्यापेक्षा जास्तच असतं, कधी पाचशे-सहाशे. सूर्य वर आला की पहिला तास पीक त्या शिल्लकीवर निघतं. मग आठ ते दहा हे दोन तास, कोवळं ऊन, बेताचं तापमान, दिवसातला सगळ्यात चांगला वेळ, पीक उपाशी काढतं. त्यातच पानांवर दव, म्हणजे बुरशीलाही आवतण. सगळे पडदे एकदम नका उघडू, गार वारा थेट फुलावर येईल. आधी टॉप व्हेंट. मग वाऱ्याच्या उलट बाजूचा पडदा वरून फूटभर खाली, साधारण ऊन पडल्यावर तासाने. हळूहळू वाढवत जा. आत हवा फिरवणारे पंखे असतील तर ते पडद्यांच्या आधी सुरू करा. पानालगतची हवा साचलेली असते. पान तिच्यातला वायू खाऊन टाकतं आणि हातभर अंतरावर भरपूर असूनही त्याला मिळत नाही. नुसती हवा हलली तरी फरक पडतो.

दुसरा संशय रात्रीच्या थंडीवर. याची परीक्षा स्वयंपाकघरात होते. बुटक्या, चपट्या राहिलेल्या पाच-सहा मिरच्या तोडून आडव्या चिरा. सोबत ऑक्टोबरच्या फुलांचं एखादं चांगलं फळ असेल तर तेही. आतलं बी बघा. चांगल्या फळात गाठीवर बी दाटीवाटीने बसलेलं असतं. थंडीतल्या फळात जर दहा-वीसच बिया आणि उरलेली जागा मोकळी दिसली, तर दोष परागीभवनाचा आहे. रात्रीचं तापमान फार खाली गेलं की परागकण नीट बनत नाहीत, बी भरत नाही, आणि बी नाही तर फळ फुगत नाही. अशा फळाला टनभर कार्बन डायऑक्साइड पाजलात तरी ते मोठं व्हायचं नाही. उपाय वेगळा. पडदे दुपारी उशिरा न पाडता चारच्या सुमारास पाडून दिवसाची ऊब आत कोंडायची, पडद्यांच्या खालच्या फटी मातीने बुजवायच्या, आणि पुढच्या वर्षी लागवड अशी धरायची की मुख्य फळधारणा थंडीच्या आत आटोपेल.

बी भरपूर दिसलं आणि तरी फळ लहान, तर मग खाण्याची चणचण आहे. पण खाण्यात उजेडही येतो. पावसाळ्यानंतर प्लास्टिक धुतलंय का? पावसाळ्यात वर शेवाळ चढतं, मग दिवाळीनंतर रस्त्याची धूळ. खाली उभं राहून वर बघा, आकाश निळं दिसतंय की ताकासारखं? आणि आतलं शेडनेट? उन्हाळ्यात ओढलेलं डिसेंबरातही तसंच राहिलेली हाऊस मी दर वर्षी बघतो. उजेड अर्धा केल्यावर पान वायू वाढवून दिला तरी खाणार कशाने? पाणी, साबण आणि लांब काठीला बांधलेलं मऊ कापड, दोन दिवसांची मजुरी. हे सगळं फार साधं वाटतं, म्हणून विक्रेते ते सांगत नाहीत.

एवढं करून पुढच्या थंडीत तुम्हाला कार्बन डायऑक्साइडचा प्रयोग करायचाच असेल तर मी अडवणार नाही. उलट तुमची दोन हाऊस शेजारी शेजारी, एकच वाण, एकच माती. अशी सोय अनेक संशोधकांना मिळत नाही. एकात सिलिंडर लावा, दुसरं तसंच ठेवा. बेडच्या कडेने, झाडाच्या बुडाशी, भोकं पाडलेली पातळ नळी अंथरा. वायू हवेपेक्षा जड असतो, वरून सोडलात तर खालीच येऊन बसेल आणि सगळीकडे सारखा जाणार नाही. फक्त ऊन पडल्यापासून पडदे उघडेपर्यंत द्या. रात्री दिलेला वाया. आठशे पीपीएमपर्यंत न्या, हजाराच्या वर जाऊन पैसे जाळू नका. रेग्युलेटरवर बर्फ धरतो, त्याला तापवायची सोय असलेला घ्या. माणसांसाठी आठ तासांच्या कामाची मर्यादा पाच हजार पीपीएम मानतात. आठशेत कुणाला काही होत नाही, पण नळी निसटली तर आकडा झरकन चढतो. म्हणून सिलिंडर हाऊसच्या बाहेर उभा करायचा, आणि व्हॉल्व्ह बंद केल्याशिवाय बायांना आत सोडायचं नाही. आणि दोन्ही हाऊसचा तोडा वेगवेगळा तोलून लिहायचा, अंदाजाने नाही.

सिलिंडर कुठून, हा प्रश्न येईल. साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत मळी आंबवून इथेनॉल करतात, तिथे लिटरमागे पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड आपोआप सुटतो, आणि तो बऱ्यापैकी शुद्ध असतो. काही कारखाने तो भरून शीतपेयांना आणि ड्राय आइसला विकतात. महाराष्ट्राला हवेतून वायू गाळायची गरज पडलीच तर ती या टाक्या संपल्यावर. मला तर नवल वाटतं, डिस्टिलरीच्या कुंपणाला लागून आपल्याकडे ढोबळीची हाऊस का उभी राहिली नाहीत. पण तो तुमचा प्रश्न नाही, कारखान्याच्या संचालकांचा आहे.

दीर उद्या यूट्यूबवरून यीस्ट-गुळाची बादली आणतील, म्हणून आधीच सांगतो. साखरेच्या वजनाच्या जेमतेम निम्मा वायू मिळतो. आठ किलोसाठी रोज अठरा-वीस किलो गूळ. तेवढ्यात तुमच्याकडे दारूबंदीवालेच येतील.

कार्बन क्रेडिटचं वाक्य ऐकूनच मी विक्रेत्याला अर्धा निकालात काढला. ढोबळीने खाल्लेला कार्बन फळात जातो, फळ पुण्या-मुंबईत कुणाच्या तरी भाजीत, आणि पंधरा दिवसांत तो श्वासातून पुन्हा हवेत. यात साठलं काय? हिनविलवाल्या त्याच कंपनीने २०२१ मध्ये आइसलंडात वर्षाला चार हजार टन क्षमतेचं ओर्का नावाचं केंद्र उभं केलं. तिथे वायू पाण्यात विरघळवून जमिनीखालच्या बेसॉल्टमध्ये सोडतात, आणि त्याचा हळूहळू दगड होतो. त्याला साठवणं म्हणतात. बेसॉल्ट आपल्याकडेही आहे, महाराष्ट्रातला बहुतेक सह्याद्री त्याचाच, तुमच्या बांधावरचा काळा दगडही तोच. पण दिवसाला आठ किलो ढोबळीला पाजून क्रेडिट मिळत नसतं. कुणाकडून, कोणत्या करारावर, किती रुपये, हे त्याच्याकडून कागदावर लिहून मागा. तो परत येणार नाही.

तेव्हा आत्ता एकच खरेदी करा, कार्बन डायऑक्साइडचा हातात धरायचा मीटर. काही हजारांत येतो. आठवडाभर सकाळी सात, आठ, नऊ, दहा, मग दुपारी बारा आणि चार, दोन्ही हाऊसमध्ये, पानाच्या उंचीवर आकडे लिहा. शेजारी पडदे कधी उघडले ती वेळ. आठ-नऊला आकडा तीनशेच्या खाली दिसला तर माझा पडद्यांवरचा संशय खरा. चारशेच्या आसपासच राहिला तर मी चूक, मग मिरच्या चिरून बघा.

मीटर हात लांब करून धरा आणि तोंड दुसरीकडे फिरवा. आपल्या उच्छ्वासात चार टक्के, म्हणजे चाळीस हजार पीपीएम असतात. मी पहिल्यांदा मीटर हाती घेतला तेव्हा त्याच्यावर वाकून आकडा वाचत होतो. पंधराशे दिसले, आणि मी शेतकऱ्याला ऐटीत सांगितलं की तुमच्याकडे भरपूर आहे. त्याच्या सालगड्याने मीटर बाजूला नेऊन दाखवला, दोनशे ऐंशी. तेव्हापासून मी दुकानातून बाहेर पडल्यावर आधी मीटर मोकळ्या रस्त्यावर, वाऱ्याकडे तोंड करून धरतो. सव्वाचारशे-साडेचारशेच्या दरम्यान दाखवला तर घरी नेतो. तुम्हीही तसंच करा, आणि सहाशे दाखवायला लागला तर तिथूनच मागे फिरून बदलून घ्या.